आकडा आणि आकडे

या खेपेला टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त आली. चूक माझीच. दोन अंकांपूर्वी फिरत्या रेडिओ संचांच्या बॅटऱ्यांबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की हल्ली काही सैनिक डोक्यावरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकून बॅटऱ्या भरून घेतात. मी वाक्य लिहिलं आणि विसरलो. तुम्ही विसरला नाहीत.

त्यातल्या सहा पत्रांना उत्तरं देतो. मी इंजिनिअर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सैन्याच्या सिग्नल्स विभागात, म्हणजे निरोपांची ने-आण करणाऱ्या खात्यात, बावीस वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी बॅटरी पाठीवर वाहण्यात गेली. पण कागदावर हिशेब करून बघायची खोड तेव्हापासून आहे. या कामात आकडेमोड न करता आकडा टाकणारा दुसऱ्यांदा टाकायला सहसा उरत नाही.

प्रश्न : सैनिक तारेवर आकडा टाकतात हे खरं, की तुमची थाप? एरवी असं करणाऱ्याला आपण वीजचोर म्हणतो. आणि चार सैनिकांना एवढी वीज लागते तरी कशाला?

उत्तर : थाप नाही. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं.

पायी निघालेल्या छोट्या तुकडीकडे आज रेडिओ असतो, अंधारात पाहायची दुर्बीण असते, जीपीएस, एखादा संगणक, कधी ड्रोन. प्रत्येकाचं पोट वेगळं. अमेरिकी सैन्यात तीन दिवसांच्या मोहिमेवर निघालेल्या जवानाच्या पाठीवर सात किलोच्या आसपास नुसत्या बॅटऱ्या असतात, असा हिशेब नेहमी दिला जातो. त्यांची २५९० नावाची लिथियम-आयन बॅटरी आहे. आकाराने विटेएवढी, वजन साधारण १.४ किलो, आणि तिच्यात सव्वादोनशे वॉट-तास मावतात. माझ्या वेळच्या शिसं-आम्लाच्या बॅटरीशी ताडून पाहा. १२ व्होल्ट, ७५ अँपिअर-तास, म्हणजे ९०० वॉट-तास, आणि वजन वीस किलोच्या वर. तेवढ्याच विजेला आज चार विटा पुरतात, साडेपाच किलोच्या. तरी पोरं कुरकुरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. ओझं कमी झालं की वरचे लोक त्या जागी दुसरं काहीतरी ठेवतात.

आता तो आकडा. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने विशेष मोहिमांच्या जवानांसाठी एक साधन तयार करवून घेतलं. कागदोपत्री नाव ‘रिमोट ऑक्झिलरी पॉवर सिस्टिम’, बोलण्यातलं नाव ‘बॅट हुक’. तारेवर फेकून अडकवायचा आकडा. आकड्यात पातं असतं. ते तारेवरचं आवरण कापतं आणि आतल्या धातूला टेकतं. तिथून केबलने वीज खाली पेटीत येते, पेटी एसीची डीसी करते आणि बॅटरी भरायला लागते. ‘आवरण’ हा शब्द दोनदा वाचा. घराघरांत वीज नेणारी कमी दाबाची तार, आवरण असलेली, ती यांचं गिऱ्हाईक. डोंगरावरून जाणाऱ्या उघड्या तारा नव्हेत.

ही गोष्ट ऐकताना लोक अर्धीच ऐकतात. तारेला टेकलं की वीज आली, असं वाटतं. वीज येण्यासाठी तिला परत जायलाही वाट लागते. एकतर शेजारची न्यूट्रल तार, नाहीतर जमीन. जमिनीत सळई ठोकली तर कोरड्या मातीत तिचा रोध सहज शंभर ओहम भरतो. एक अँपिअर घ्यायला जावं तर शंभर व्होल्ट तिथेच मातीत गडप. आणि हे गडप झालेले व्होल्ट कुठे असतात? सळईच्या भोवतीच्या जमिनीत, जिथे तुम्ही दोन पाय फाकवून उभे आहात. एका पायाखाली जास्त, दुसऱ्याखाली कमी. गाईबैलांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात म्हणून पडलेल्या तारेजवळ ती माणसाआधी मरतात, ती याच हिशेबाने.

उच्च दाबाचं काय? ११ हजार व्होल्टची साधी लाइन घ्या. एका तारेपासून जमिनीपर्यंत ६,३५० व्होल्ट. माणसाचं शरीर साधारण हजार ओहम धरतात. भागाकार करा, सहा अँपिअर. घरातला गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरला पडतो, कारण त्यापुढे हृदयाची खात्री देता येत नाही. म्हणजे दोनशे पट. दोर सुती असला, ओला असला, धुळीने माखलेला असला, तर तोही तारच. तेव्हा प्रयोगशाळेने पातं कसं बसवलं, दोर कसला घेतला, हे मला विचारणाऱ्या दोघा वाचकांना सांगतो की ते मी लिहिणार नाही. पुन्हा विचारू नये.

चोरीबद्दल म्हणाल तर चोरी आहेच. युद्धात दुसऱ्याच्या मुलखात शिरलेला माणूस पाणीही विचारून घेत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलं हमखास विचारायची, की तारेवर चिमणी बसते ती मरत का नाही? मी ‘तिचे पाय जमिनीला लागत नाहीत’ एवढं सांगायचे. बरोबर होतं ना?

उत्तर : बाई, बरोबरच होतं, फक्त अर्धं. चिमणीचे दोन पाय तारेला दोन ठिकाणी टेकलेले असतात आणि तारेतून प्रवाह चालू असतो. म्हणजे दोन पायांत थोडा तरी फरक असणारच. किती ते काढू.

‘डॉग’ नावाची तार घ्या. हो, कुत्रा. ब्रिटिश पद्धतीत पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियम तारांना प्राण्यांची नावं आहेत. रॅबिट, रॅकून, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. तार जाड होत जाते तसा प्राणीही, पण नेमाने नाही. अमेरिकनांनी मात्र पक्ष्यांची नावं दिली, ड्रेक, कार्डिनल, हॉक. म्हणजे तिकडे पक्षी पक्ष्यावर बसतो.

तर ‘डॉग’ १४ मिलिमीटर जाड, रोध किलोमीटरला ०.२७ ओहम. पायांत अंतर पाच सेंटिमीटर आणि प्रवाह २०० अँपिअर धरला, तर दोन पायांत फरक येतो २.७ मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलच्या पाचशेव्या हिश्श्याहून कमी. चिमणीला त्याचा पत्ताही लागत नाही. मोठे पक्षी मरतात ते पंख पसरल्यावर. एक पंख तारेला, दुसरा शेजारच्या तारेला किंवा खांबाच्या आडव्या लोखंडाला.

हे उत्तर मुद्दाम इथे घेतलं. पुढे ड्रोनचं पत्र आहे, तिथे चिमणी परत येणार आहे.

प्रश्न : आकडा टाकायचाच कशाला? मोठ्या लाइनखाली नुसती ट्यूबलाइट धरली तरी ती पेटते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग जमिनीवर तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं पसरलं, तर तारेला हात न लावता हवी तेवढी वीज मिळेल. सैन्याला हे सुचलं कसं नाही?

उत्तर : तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण हेच माझ्याही डोक्यात कित्येक वर्षं होतं. सेवेत असताना मी ते वहीत मांडलंही होतं. तेव्हा बेरीज चुकली होती, आता बरोबर करतो.

ट्यूब पेटते हे खरंच. ब्रिटनमध्ये २००४ साली रिचर्ड बॉक्स या कलावंताने उच्च दाबाच्या तारांखालच्या शेतात १,३०१ ट्यूब रोवल्या आणि रात्री त्या आपोआप उजळल्या. एकाही ट्यूबला वायर नव्हती. पण डोळा फसवतो. अंधारात थोडासा उजेड फार वाटतो. फार मोठ्या लाइनखाली जमिनीजवळ विद्युत क्षेत्र मीटरला काही हजार व्होल्ट असतं. दहा हजार धरलं, तरी तिथे उभ्या माणसातून जमिनीत जाणारा प्रवाह एक मिलिअँपिअरचा साधारण सहावा हिस्सा. व्होल्ट भरपूर, पण मागे धार नाही. हवेतून झिरपलेल्या विजेचं हेच असतं. पाणी खूप उंचावरून येतंय, पण थेंबथेंब. मोठा ट्रक अशा लाइनखाली उभा केला आणि टायरने जमिनीपासून तुटलेला राहिला, तर त्याला हात लावणाऱ्याला काही मिलिअँपिअरचा चटका बसू शकतो. बॅटरी भरायची तर त्या चटक्याचा काही उपयोग नाही.

तुमचं वेटोळं वेगळ्या गोष्टीवर चालतं, चुंबकीय क्षेत्रावर. ते तारेतल्या प्रवाहाने बनतं, दाबाने नाही. तेव्हा ४०० हजार व्होल्ट ऐकून हुरळून जायचं कारण नाही, अँपिअर किती ते विचारायचं. आपण उदार होऊन ५०० अँपिअर धरू. तार डोक्यावर दहा मीटर. जमिनीवर क्षेत्र येतं १० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ज्यावर होकायंत्राची सुई वळते ते २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, म्हणजे हे त्याहून कमी. फरक एवढाच, की तारेचं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतं आणि त्यातूनच व्होल्ट निघतात.

वेटोळं दहा मीटर लांब, एक मीटर रुंद, शंभर फेऱ्यांचं करा आणि बरोबर दिशेला उभं धरा. किती व्होल्ट? तीनच्या जरा वर. तोंडाला पाणी सुटतं ना? थांबा. शंभर फेऱ्यांना २,२०० मीटर तार लागली. एक चौरस मिलिमीटरची घेतली तर तांबं जवळजवळ २० किलो, आणि तारेचा स्वतःचा रोध ३७ ओहम. त्यातून जास्तीत जास्त जी शक्ती बाहेर काढता येते ती येते ०.०६७ वॉट.

परत वाचा. सदुसष्ट मिलिवॉट. २० किलो तांबं उघड्यावर टांगून, शत्रूच्या मुलखात. त्या विटेएवढ्या बॅटरीचे सव्वादोनशे वॉट-तास भरायला साडेचार महिने लागतील. आणि हा हिशेब एकाच तारेचा आहे. प्रत्यक्षात तीन तारा असतात, तिघींचे प्रवाह एकमेकींच्या मागेपुढे चालतात आणि दूरवर एकमेकींचं क्षेत्र बरंचसं खाऊन टाकतात. तेव्हा साडेचार महिन्यांचं वर्षही होऊ शकतं.

कपॅसिटर जोडून जुळवणी केली तर वाढेल, असं कुणीतरी लिहिणारच. जुळवणीने वेटोळ्याचा आडमुठेपणा जातो, तांब्याचा रोध जात नाही. सदुसष्ट ही जुळवणी केल्यानंतरचीच कमाल आहे.

मला वहीत तेव्हा सहा वॉट मिळाले होते. दशांश चिन्ह दोन घरं उजवीकडे सरकलं होतं. त्या सहा वॉटच्या जोरावर मी एका अधिकाऱ्याला प्रस्ताव द्यायला निघालो होतो. वाटेत पाऊस लागला आणि वही भिजली, ते बरंच झालं.

प्रश्न : मी नववीत आहे. ड्रोन विजेच्या तारेवर बसून स्वतःला चार्ज करतो असा व्हिडिओ पाहिला. त्याला शॉक का बसत नाही? आणि वर लिहिलंय तसं हवेतून वीज मिळत नसेल तर त्याला कशी मिळते?

उत्तर : तुला वरचं उत्तर छापायच्या आधी कसं कळलं, तर तुझं पत्र आल्यावर मी तुला ते पाठवलं होतं, हे बाकीच्या वाचकांना सांगून टाकतो. नाहीतर मी पत्रं मनाने रचतो, असा आरोप येईल.

शॉक का बसत नाही ते तुला चिमणीने सांगितलं. ड्रोन फक्त एका तारेला धरून असतो. दुसरी तार नाही, जमीन नाही. तारेचा दाब अकरा हजार असो की चार लाख, ड्रोनही सबंधच्या सबंध त्याच दाबावर असतो.

व्हिडिओतला प्रयोग बहुधा डेन्मार्कचा असणार. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न डेन्मार्कच्या लोकांनी २०२४ मध्ये असा ड्रोन दाखवला. तो खालून येतो, तारेला चिमट्याने धरतो, चार्ज होतो, सोडतो, उडतो, परत येऊन धरतो. असं दोन तासांहून जास्त वेळ, मध्ये कुणी हात न लावता.

खरी गंमत त्या चिमट्यात आहे. तो लोखंडी गाभ्याचा आहे आणि मिटला की तारेभोवती पूर्ण कडं होतं. हवेतलं चुंबकीय क्षेत्र विखुरलेलं असतं. लोखंडाला ते हवेपेक्षा हजारो पटींनी आवडतं, म्हणून तारेभोवतीचं सगळं क्षेत्र त्या कड्यातून धावू लागतं. कड्यावर बारीक तारेची गुंडाळी असते. झाला ट्रान्सफॉर्मर. त्याची पहिली बाजू म्हणजे ती मोठी तार, अवघ्या एका फेऱ्याची.

आता तूच गुणाकार कर. कड्याचा छेद दहा चौरस सेंटिमीटर, लोखंडात क्षेत्र जास्तीत जास्त १.२ टेस्ला, वारंवारता ५०. या तिघांचा गुणाकार ४.४४ ने गुणायचा, छेद चौरस मीटरमध्ये घ्यायला विसरू नकोस. एका फेऱ्याला ०.२७ व्होल्ट येतात. तारेत २०० अँपिअर असतील तर २०० गुणिले ०.२७, म्हणजे ५३. त्यातला निम्मा भाग लोखंडाला चुंबक करत ठेवण्यात जातो असं धर. उरले पंचवीस वॉट. कड्याचं वजन दीड किलो. वरच्या काकांचं वेटोळं २० किलोचं आणि ०.०६७ वॉटचं होतं, आठवतं ना? आणि ते तारेपासून दहा मीटर लांब होतं. हे तिला मिठी मारून बसलंय.

यात दोन खोडी आहेत. पहिली, तारेत प्रवाह नसेल तर काही मिळत नाही, दाब कितीही असो. रात्री कारखाने बंद झाले, प्रवाह २०० वरून २० वर आला, की ड्रोन उपाशी. दुसरी, चिमटा मिटलेला असताना त्याच्या गुंडाळीची दोन टोकं मोकळी सोडायची नसतात. मोकळी सोडली तर तिथे भलतेच व्होल्ट चढतात. वीज उपकेंद्रात काम करणाऱ्या कुणालाही विचार, सीटीची (तारेतला प्रवाह मोजणाऱ्या अशाच कड्याची) सेकंडरी, म्हणजे गुंडाळी, उघडी ठेवली तर पहिल्या दिवशी शिव्या आणि दुसऱ्या दिवशी बदली.

हे काही लष्कराचं गुपित नाही. तार किती तापली, किती झोळ पडला, हे मोजणारी छोटी यंत्रं वीज कंपन्या स्वतःच्याच तारांवर अशी बसवतात. तीही अशीच तारेतून जेवतात. आणि पतंगाच्या मांजाला लोखंडी कडं बांधून बघू का, हा तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी छापला नाही. उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि तुझ्या आईला मी वेगळं पत्र घातलंय.

प्रश्न : ही युक्ती नवी आहे की जुनी? आणि एवढी सोपी असेल तर सगळ्याच सेना जनरेटर फेकून का देत नाहीत?

उत्तर : जुनी आहे. १८६२ साली अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडच्या जॉन हंट मॉर्गन या सेनानीसोबत जॉर्ज एल्सवर्थ नावाचा तारवाला असे. केंटकीतल्या धाडीत तो शत्रूच्या तारायंत्राच्या लाइनला आपलं छोटं यंत्र जोडून बसायचा, निरोप ऐकायचा आणि खोटे निरोप पाठवायचा. इतिहासवाले यातली हेरगिरी सांगतात. मला यातली बॅटरी दिसते. अमेरिकी तारायंत्रात लाइनमधून प्रवाह सतत चालू असे आणि चावीने तो तोडला जाई. बॅटऱ्या स्टेशनात. म्हणजे मधल्या माळावर बसलेल्या या गड्याचं यंत्र शत्रूच्याच बॅटरीवर टकटक करत होतं. त्याला एकही सेल वाहावा लागला नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या युरोपात ब्रिटिशांनी हेर पाठवले, त्यांच्या सुटकेसमध्ये बी-टू नावाचा संच असे. १९४२ चा. घरातल्या सॉकेटवर चालायचा, ९७ ते १४० व्होल्ट किंवा १९० ते २५०, जे असेल ते. नाहीतर सहा व्होल्टच्या बॅटरीवर. सॉकेट सोयीचं, पण तिथेच माशी शिंकली. शहरात कुठूनतरी संदेश जातोय हे जर्मनांना ऐकू यायचं, पण नेमकं घर सापडायचं नाही. मग ते एकेका भागाची वीज बंद करत जायचे. ज्या भागाची वीज गेल्याबरोबर संदेश थांबला, तो भाग घेरायचा. यावर उपाय म्हणजे सॉकेटवर बॅटरी भरायची आणि बोलायचं ते बॅटरीवरच. विहिरीवर घागर भरावी आणि घरी येऊन पाणी प्यावं तसं. आजचा आकडाही याच रीतीने चालतो. रेडिओ तारेला जोडत नाहीत, बॅटरी भरून घेतात आणि निघतात.

जनरेटर का फेकत नाहीत? कारण युद्ध सुरू झालं की पहिल्यांदा जाते ती वीज. २ मे १९९९ च्या रात्री नाटोच्या विमानांनी सर्बियाच्या वीज केंद्रांवर ग्राफाइटचे धागे सोडणारे बॉम्ब टाकले. ते कार्बनचे बारीक तंतू तारांवर पडले, जागोजागी शॉर्ट झाले आणि देशाचा मोठा भाग अंधारात गेला. तारा तशाच उभ्या. युक्रेनच्या वीजव्यवस्थेवर ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने ज्या ओळीने क्षेपणास्त्रं टाकली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच. आकडा टाकणाऱ्याला तार शत्रूची हवी, पण चालू हवी. हे दोन्ही एकदम मिळायला नशीब लागतं.

एका वाचकाने याला जोडून विचारलंय, की वीज कंपनीला चोरी कळत नाही का? पन्नास वॉट कुणाला कळणार! तेवढी वीज तर लांब लाइन नुसती तापण्यात कैक पटींनी घालवते. कळतं ते डोळ्याला. खांबाखाली लोंबणारी केबल सकाळी पहिला गुराखी बघतो.

प्रश्न : इतरांचं सांगितलंत. तुम्ही स्वतः कधी आकडा टाकलात का? खरं सांगा.

उत्तर : टाकला नाही. टाकणार होतो.

आम्ही चौघं एका टेकडीवर रेडिओ चौकी सांभाळत होतो. बॅटरी भरायचं इंजिन बंद पडलं होतं. मग राहिला हाताने फिरवायचा जनरेटर. तिकाटण्यावर बसवलेला, दोन्ही बाजूंना मुठी, मिनिटाला साठेक फेरे. धडधाकट माणूस हाताने सलग पन्नास-साठ वॉट काढतो, त्याच्या वर गेला की पाच मिनिटांत जीभ बाहेर. त्यातही एक मजा होती. ऑपरेटरने मोर्सची चावी दाबली की मूठ जड व्हायची, सोडली की हलकी. डॉट असेल तर बारीक झटका, डॅश असेल तर ओढ. आठवडाभराने मला न ऐकता नुसत्या खांद्यांतून निरोप वाचता यायला लागला. एकदा आमच्या रजा रद्द झाल्याचं मला असं कळलं, ऑपरेटरने पोच देताना. तो बोलायच्या आधीच मी फिरवायचा थांबलो होतो.

खाली उतारावरून दोन तारांची लाइन गेली होती, लहान खांबांची. तिसऱ्या रात्री खांदे भरून आल्यावर आमच्यातल्या एकाने केबलचा तुकडा काढला, सोलला, टोकाला आकडा वळवला. मीही टॉर्च धरून त्याच्यामागे उतरलो. वहीत हिशेब करणारा तो मीच, पण त्या रात्री हिशेब आठवला नाही. खांद्यांनी आठवू दिला नाही. आमचे उस्ताद वर झोपले होते, असं आम्हाला वाटत होतं. खांबापासून वीस पावलांवर त्यांचा आवाज आला. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘‘उजाडेपर्यंत थांबा. सकाळी टाका, मी बघतो.’’ आम्ही परत वर गेलो आणि दोघांनी आळीपाळीने मूठ फिरवली.

सकाळी खालून एक लाइनमन आला, खांद्यावर दोरखंड आणि लांब काठी. त्याला उस्तादांनी चहा दिला आणि विचारलं, ‘‘ही लाइन कुठे जाते?’’ तो म्हणाला, ‘‘कुठेच नाही. पुढचे चार खांब दरडीत गेले, दीड महिना झाला, बंद आहे. आज तार उतरवायला आलोय.’’ आमच्या मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

चहा पिऊन लाइनमन खांबाशी गेला. दीड महिना मेलेली तार, स्वतःच बंद आहे म्हणून सांगितलेली. त्याने आधी काठीच्या टोकाचा टेस्टर दोन्ही तारांना लावून पाहिला. मग जमिनीत सळई ठोकली, तिला जोडलेली साखळी काठीने उचलून दोन्ही तारांवर अडकवली, ओढून पाहिली, आणि मग पहिल्यांदा खांबाला हात लावला.